म्हातारचळ की आजार : स्मृतिभ्रंशाच्या निदानाचा इतिहास

म्हातारपणी विसर पडायचाच, हे मराठी घरांत पिढ्यानपिढ्या गृहीत धरले गेले. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्याच समजुतीची. आजोबा भलत्या वेळी घराबाहेर पडू लागले, आजी सुनेवर चोरीचा आळ घेऊ लागली, की ‘म्हातारचळ’ म्हणून विषय संपायचा. वैद्याला बोलावण्याचे काही कारण कोणाला दिसत नसे. डिमेन्शियासाठी आज रुळलेला ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द मात्र फार जुना. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो, पण तिथे त्याचे मूळ क्रोध आणि संमोह यांत आहे. वयाशी किंवा मेंदूच्या झिजेशी त्याचा संबंध नाही. चरकसंहितेने मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली, तीही बुद्धी आणि स्मृती यांच्या पोषणासाठी. वार्धक्य कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, हा प्रश्न वैद्यकाने नेटाने हाती घेतला तो गेल्या दोनशे वर्षांत. त्याचे उत्तर एकदाच मिळून गेले असे झाले नाही. तपासणीचे नवे साधन हाती आले, की ही सीमारेषा पुन्हा सरकली.

फ्रेंच मानसरोगतज्ज्ञ जाँ-एतियेन एस्किरोल यांनी १८३८ च्या आपल्या ग्रंथात जन्मजात मतिमंदत्व आणि ‘देमाँस’ यांत फरक केला. पहिला माणूस जन्मापासूनच गरीब, दुसरा धनवान होता आणि कंगाल झाला, अशी त्यांची उपमा होती. असलेले गमावणे हे या अवस्थेचे मुख्य लक्षण तिने नेमके पकडले आणि म्हणूनच ती टिकली. पण एस्किरोल यांच्या देमाँसला वयाची अट नव्हती. तरुण मनोरुग्ण, दारूने खंगलेले आणि म्हातारे असे सगळेच त्यात येत. निदान वागण्याबोलण्यावरून होई आणि मेंदू उघडून पाहिला तरी तो आक्रसलेला आहे, यापलीकडे फारसे काही दिसत नसे.

मेंदूतली इजा आणि बुद्धीचा ऱ्हास यांची पहिली भक्कम सांगड बसली ती वेगळ्याच रोगात. १८२२ मध्ये पॅरिसजवळच्या शाराँताँ रुग्णालयातील आंत्वान बाइल या तरुण डॉक्टराने आपल्या प्रबंधात दाखवले, की मोठेपणाचे भ्रम, अडखळती वाचा, लुळेपणा आणि शेवटी बुद्धिनाश या क्रमाने मरणाऱ्या रुग्णांच्या मेंदूची आवरणे सुजलेली असतात. या ‘जनरल पॅरालिसिस’च्या रुग्णांनी एकोणिसाव्या शतकातील युरोपातली वेड्यांची इस्पितळे भरली होती. त्याचे मूळ उपदंशात, म्हणजे सिफिलिसमध्ये असल्याचा संशय पुढे बळावला. १९०६ मध्ये वासरमन यांची रक्तचाचणी आली आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्क येथे हिदेयो नोगुची आणि जोसेफ मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतूच शोधून काढले. उपचार तर निदानाहून विलक्षण होता. व्हिएन्नाचे यूलियस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण केली, तापाचे काही झटके येऊ दिले आणि मग क्विनाइन देऊन हिवताप उतरवला. काही रुग्ण सुधारले, काही हिवतापानेच दगावले. १९२७ चे नोबेल पारितोषिक वाग्नर-याउरेग यांना मिळाले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि हा सगळा खटाटोप इतिहासजमा झाला.

अवटुग्रंथी मंदावल्याने येणाऱ्या बुद्धिमांद्याचीही हीच गत झाली. १८९१ मध्ये न्यूकॅसलचे जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क टोचला आणि रुग्ण सुधारली. आजही विसराळूपणाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व आणि गरज वाटल्यास उपदंशाची चाचणी हे सगळे आधी पाहिले जाते, कारण ही कारणे दूर करता येतात. ज्या बुद्धिऱ्हासाला कारण सापडले आणि औषध मिळाले, तो ‘डिमेन्शिया’ या शब्दाबाहेर पडत गेला. मागे उरले ते असाध्य.

या उरलेल्यांमध्ये एक बाई होत्या. ऑगस्टे डेटर, वय ५१, रेल्वेतील कारकुनाची पत्नी. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी त्यांना फ्रँकफर्टच्या मनोरुग्ण आणि अपस्मारी रुग्णांसाठीच्या नगरपालिकेच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. सुरुवात विसरण्याने झाली नव्हती, नवऱ्यावरच्या संशयाने झाली होती. त्यानंतर स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू लपवून ठेवल्या जाऊ लागल्या, रात्री चादर ओढत घरभर फिरणे आणि किंचाळणे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी ३७ वर्षांचे डॉक्टर अलोइस अल्झायमर त्यांच्यासमोर वही घेऊन बसले.

प्रश्न साधे होते. नाव काय? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचे नाव? बहुधा ऑगस्टे. जेवताना पानात फुलकोबी आणि डुकराचे मांस होते. काय खाता, असे विचारल्यावर उत्तर आले, पालक. पेन्सिल, किल्ली, सिगार अशा वस्तू दाखवल्या तर नावे बरोबर सांगता आली, पण थोड्या वेळाने काय दाखवले होते ते आठवेना. नाव लिहायला सांगितले, तर ‘श्रीमती’ एवढाच शब्द उमटला आणि पुढचे पुसले गेले. मधूनच त्या म्हणत, मी स्वतःलाच हरवून बसले आहे. अल्झायमर यांनी प्रश्न आणि उत्तरे जशीच्या तशी उतरवून ठेवली. त्या काळी रुग्णाचे बोलणे सारांशाने नोंदवण्याची रीत होती. ही अक्षरशः टिपणे म्हणूनच आजच्या स्मरणचाचणीच्या इतकी जवळची वाटतात.

अल्झायमर पुढे म्युनिकला, एमिल क्रेपेलिन यांच्या चिकित्सालयात गेले, पण या रुग्णाची खबर त्यांनी सोडली नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी डेटरबाई वारल्या. फ्रँकफर्टच्या रुग्णालयाचे संचालक एमिल सिओली यांनी केसपेपर आणि मेंदू म्युनिकला पाठवून दिला.

आता दुसरे साधन पुढे आले : रंग. मेंदूची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तरी रंग दिल्याशिवाय जवळपास काहीच दिसत नाही. अल्झायमर यांचे मित्र फ्रान्झ निस्सल यांनी पेशींचा देह दाखवणारे रंजन तयार केले होते आणि बर्लिनच्या माक्स बीलशोव्हस्की यांची चांदीच्या क्षारांची पद्धत त्या वेळी अगदी ताजी होती. चांदीने काळे पडलेल्या त्या चकत्यांत दोन गोष्टी दिसल्या. चेतापेशींच्या आत तंतूंचे जाड गुंते होते. काही ठिकाणी पेशी नष्ट होऊन फक्त गुंता शिल्लक होता. पेशींच्या बाहेर, कॉर्टेक्सभर, कसल्या तरी पदार्थाचे ठिपके साचले होते. हे ठिपके, म्हणजे प्लाक, वृद्धांच्या मेंदूत आधी पाहिले गेले होते. गुंते नवे होते. रक्तवाहिन्या कठीण झाल्याचे म्हणण्यासारखे चिन्ह नव्हते, आणि रुग्णाचे वय तर अवघे पन्नाशीचे.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे नैऋत्य जर्मनीच्या मानसरोगतज्ज्ञांच्या सभेत अल्झायमर यांनी हे मांडले. एकही प्रश्न आला नाही. १९०७ मध्ये दोन-तीन पानांचा लेख छापून आला. त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांपैकी इटलीचे गाएतानो पेरुसिनी यांनी १९०९ मध्ये अशा चार रुग्णांचे सविस्तर वर्णन दिले. मूळचे लायबेरियाचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले कृष्णवर्णीय मानसरोगतज्ज्ञ सॉलोमन कार्टर फुलर यांनीही म्युनिकच्या प्रयोगशाळेत काम केले होते. त्यांनी १९१२ मध्ये तोवरच्या सगळ्या रुग्णांचा आढावा घेतला. प्रागच्या जर्मन विद्यापीठातील ओस्कर फिशर यांचे काम तर व्याप्तीने मोठे होते. त्यांनी १९०७ मध्येच वार्धक्यातील बुद्धिऱ्हासाच्या १६ मेंदूंपैकी १२ मध्ये प्लाक दाखवले. पण रोगाला नाव फिशर यांचे मिळाले नाही. पुढे नाझींनी या ज्यू शास्त्रज्ञाला तेरेझिनच्या छोट्या किल्ल्यात डांबले आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

नाव दिले क्रेपेलिन यांनी. १९१० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत त्यांनी ‘अल्झायमरचा रोग’ असा उल्लेख केला आणि लगेच कबूलही केले, की या रोगाचा नेमका अर्थ अजून स्पष्ट नाही. अवघ्या काही रुग्णांच्या आधारावर एवढी घाई का, यावर इतिहासकारांत वाद आहे. प्रागच्या प्रयोगशाळेशी चढाओढ होती असे काही म्हणतात. फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणाला उत्तर म्हणून मनोविकारांची मुळे मेंदूत दाखवायची होती, असे काहींचे मत. हेतू काहीही असो, परिणाम दूरगामी झाला. तरुण वयात झाला तर अल्झायमरचा रोग, म्हातारपणी झाला तर निव्वळ वार्धक्य, अशी विभागणी त्यातून पक्की झाली. साधारण पासष्टी ही सीमा धरली गेली. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत तेच प्लाक, तेच गुंते. तरीही एक दुर्मीळ रोग ठरला आणि दुसरे निसर्गाचे देणे. खुद्द अल्झायमर यांना ही वेगळी जात असल्याबद्दल शंका होतीच; पण १९१५ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, ब्रेसलाउ येथे ते वारले.

पुढची पन्नास वर्षे या क्षेत्रात सामसूम होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. आर्नोल्ड पिक यांनी १८९२ पासून वर्णिलेला, वाचा आणि वर्तन आधी बिघडवणारा ऱ्हास ‘पिकचा रोग’ म्हणून मान्य झाला. १९२७ मध्ये बेल्जियमच्या पॉल दिव्री यांनी काँगो रेड या कापड रंगवण्याच्या रंगाने प्लाक रंगतात हे पाहून त्यांत अमायलॉइड नावाचा पदार्थ असल्याचे सांगितले. पण म्हाताऱ्या रुग्णांच्या वाट्याला यातले काही आले नाही. अमेरिकेत डेव्हिड रॉथशिल्ड यांच्यासारख्यांनी १९३० च्या दशकात मांडले, की मेंदूतले बदल आणि लक्षणे यांचे प्रमाण जुळत नाही, म्हणजे निवृत्ती, एकटेपणा, स्वभाव यांचाही हात असला पाहिजे. सर्वसामान्य डॉक्टर मात्र ‘मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण झाल्या’ एवढेच सांगत आणि रक्तपुरवठा वाढवणाऱ्या गोळ्या देत. त्यांतली हायडरजिन ही अर्गट बुरशीपासून काढलेली. तिच्यामागे स्विस रसायनतज्ज्ञ आल्बर्ट हॉफमन होते. त्याच अर्गटमधून त्यांना एलएसडीही सापडले होते, आणि जगाने त्यांना लक्षात ठेवले ते त्यासाठी. पुढे बेल्जियमचे पिरासेटाम आले आणि ‘नूट्रॉपिक’, म्हणजे बुद्धी तल्लख करणारे, असा शब्दही आला. झीज थांबवण्याची ताकद यांतल्या कशातच सिद्ध झाली नाही.

कोंडी फुटली इंग्लंडमध्ये, आणि तीही नव्या यंत्राने नव्हे. रुग्णांचे पुढे काय होते हे चिकाटीने पाहिल्याने. मार्टिन रॉथ यांनी ग्रेलिंगवेल रुग्णालयातील साठीपुढच्या मनोरुग्णांची लक्षणांनुसार गटवारी केली आणि सहा महिन्यांनी व दोन वर्षांनी ते कुठे आहेत ते तपासले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, खिन्नतेने आजारी असलेले बहुतेक म्हातारे बरे होऊन घरी गेले होते. वार्धक्यातील बुद्धिऱ्हासाचे रुग्ण बहुतांशी दोन वर्षांत मरण पावले होते. तोवर या सगळ्यांवर एकच शिक्का बसत असे. म्हातारपणातील नैराश्य, अचानक आलेला संभ्रम आणि खरा स्मृतिभ्रंश वेगळे काढणे ही आजही निदानाची पहिली पायरी मानली जाते.

रॉथ पुढे न्यूकॅसलला गेले. तिथे गॅरी ब्लेस्ड आणि बर्नार्ड टॉमलिन्सन यांच्यासह त्यांनी रुग्ण जिवंत असताना नातेवाइकांना प्रश्न विचारले : किरकोळ पैशांचा हिशेब जमतो का, ओळखीच्या रस्त्यावर वाट सापडते का, कपडे नीट घालता येतात का. त्यावरून गुण दिले आणि मृत्यूनंतर मेंदूतले प्लाक मोजले. १९६८ मध्ये त्यांनी दाखवले, की गुणांनी दिसणारा ऱ्हास जितका जास्त, तितके प्लाक जास्त. हे रुग्ण वृद्ध होते. म्हणजे पासष्टीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच रोग होता. त्याआधी १९६३ मध्ये मायकेल किड आणि रॉबर्ट टेरी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने गुंत्यांची रचना जवळून पाहिली होती. किड यांना त्यांत एकमेकांभोवती पिळलेल्या तंतूंच्या जोड्या दिसल्या.

अमेरिकन चेतातज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये एका छोट्या संपादकीयात वयाची ही भिंत पाडूनच टाकली. दोन्ही एकच मानले, तर हा रोग अमेरिकेतील मृत्यूच्या चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या कारणांत बसतो, असा त्यांचा हिशेब होता. एका लेखाने लाखो माणसे ‘म्हातारे’ या सदरातून ‘रुग्ण’ या सदरात गेली. यात राजकारणही होते. १९७४ मध्ये अमेरिकेत वार्धक्याच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली; तिचे पहिले संचालक रॉबर्ट बटलर यांनी संस्थेसाठी अल्झायमर हा केंद्रबिंदू निवडला. म्हातारपणासाठी संसद पैसे देत नाही, नाव असलेल्या रोगासाठी देते, हे त्यांना पुरते माहीत होते. १९८० मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी हाताने लिहिलेल्या पत्रातून आपल्याला हा आजार झाल्याचे जाहीर केले.

रुग्णसंख्या वाढली तशी झटपट तपासणीची निकड वाढली. मार्शल फोल्स्टिन, सुझन फोल्स्टिन आणि पॉल मॅकह्यू यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली, ३० गुणांची ‘मिनी मेंटल स्टेट’ चाचणी पाच-दहा मिनिटांत आटोपते : तारीख, वार, ठिकाण, तीन शब्द लक्षात ठेवणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे, कागदाची घडी घालणे, एक वाक्य लिहिणे, दोन पंचकोनांचे चित्र उतरवणे. जगभर ती पसरली आणि तिथेच तिची मर्यादाही उघडी पडली. जिला कधी अक्षरओळखच झाली नाही, अशा शेतकरी बाईला वाक्य लिही म्हणून सांगणे म्हणजे स्मृतीची नव्हे, शाळेची परीक्षा.

हरियाणातील बल्लभगड येथे भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांसाठी या चाचणीचे हिंदी रूप बेतले. नुसते भाषांतर उपयोगाचे नव्हते. लिहिण्याऐवजी काहीतरी बोलून सांगायचे, वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याची नक्कल करून मिटायचे, अक्षरे उलटी सांगण्याऐवजी वार उलटे म्हणायचे, असे बदल केले गेले. त्या अभ्यासात पासष्टीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचे प्रमाण १.३६ टक्के आढळले. पाश्चात्त्य आकड्यांच्या मानाने हे फारच कमी होते. मुंबईतील एका शहरी पाहणीने, २००१ मध्ये, त्याच वयोगटात २.४४ टक्के सांगितले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मात्र साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, असा अंदाज दिला. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात प्रमाण अधिक होते. या वाढीमागे लोकसंख्येचे वाढते वय आहे, तसे मोजण्याच्या पट्टीतला फरकही आहे.

गोव्यात प्रश्न वेगळ्या बाजूने विचारला गेला. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांच्या २००१ च्या अभ्यासात दिसले, की ही लक्षणे गावकऱ्यांना चांगली परिचयाची होती, पण त्यांना आजार कोणी मानत नसे. वय झाले, किंवा मुलांनी हेळसांड केली म्हणून असे झाले, हीच समजूत होती. म्हणजे विसराळू आईबरोबर तिला सांभाळणाऱ्या सुनेवरही बोट रोखले जाई. त्यानंतर अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगाथ’ या संस्थेतर्फे ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या घरी जात, आजार समजावून सांगत, त्रासदायक वागणे कसे हाताळायचे ते दाखवत. सहा महिन्यांनी काळजीवाहकांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले होते. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. औषधांच्या इतिहासात या प्रयोगाला जागा नाही, उपचारांच्या इतिहासात ती द्यायला हवी. १९९२ मध्ये केरळात सुरू झालेली आणि पुढे देशभर शाखा काढलेली अल्झायमरविषयक संस्था याच वाटेने गेली.

औषधांची गोष्ट पार्किन्सनपासून सुरू होते. मेंदूत डोपामाइन कमी पडते, ते भरून काढले की रुग्ण हालू लागतो, हे १९६० च्या दशकात दिसले होते. मग स्मृतिभ्रंशातही असेच काही कमी पडत असेल का? १९७६ च्या सुमारास एडिंबरा, लंडन आणि न्यूकॅसल येथील तीन गटांना रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन तयार करणारे विकर घटलेले आढळले. ॲसिटिलकोलिन वाढवता येत नसेल, तर निदान त्याचे विघटन रोखावे, या विचाराने १९९३ मध्ये टॅक्रिन हे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले. दिवसातून चार वेळा घ्यायचे आणि यकृतावर नजर ठेवायची, त्यामुळे ते फार चालले नाही. जपानच्या एसाई कंपनीतील हाचिरो सुगिमोतो यांच्या आईलाच स्मृतिभ्रंश होता. त्यांच्या चमूने शोधलेले डोनेपेझिल १९९६ मध्ये आले आणि आजही सर्वाधिक लिहिले जाते. रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन त्याच कुळातली. वेगळ्या मार्गाने काम करणारे मेमँटिन अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झाले. या गोळ्यांनी काही रुग्ण काही महिने थोडे सावरतात. झीज मात्र चालूच राहते.

दरम्यान प्लाक कशाचे बनतात हे कळले होते. १९८४ मध्ये सॅन दिएगोचे जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी रुग्णांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून बीटा-अमायलॉइड हे प्रथिन वेगळे काढले, आणि डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूतही तेच सापडले. डाउनमध्ये २१ वे गुणसूत्र जादा असते. तेव्हा जनुक तिथे असणार, हा तर्क खरा ठरला. इंग्लंडमधील कॅरोल जेनिंग्ज यांनी आपल्या वडिलांच्या पिढीत अनेकांना हा आजार झाल्याचे १९८० च्या दशकात संशोधकांना पत्राने कळवले होते. त्याच कुटुंबाच्या रक्तात १९९१ मध्ये लंडनच्या गटाला त्या जनुकातला दोष सापडला. जेनिंग्ज यांनाही पुढे तोच आजार झाला आणि २०२४ मध्ये त्या वारल्या. सर्वसामान्य, उतारवयात होणाऱ्या आजाराचा धोका वाढवणारे एपीओई-४ हे जनुकरूप १९९३ मध्ये उघड झाले. गुंते टाऊ या प्रथिनाचे असतात हेही १९८० च्या दशकातच ठरले होते.

जनुकांच्या या धामधुमीत जुन्या रुग्णाची आठवण झाली. ऑगस्टे डेटर यांना खरोखर अल्झायमरच होता की रक्तवाहिन्यांचा विकार, अशी शंका काहींनी काढली होती. १९९५ च्या डिसेंबरमध्ये कोनराड माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फ्रँकफर्टमध्ये निळ्या पुठ्ठ्यातला त्यांचा केसपेपर सापडला. थोड्याच काळात म्युनिकमध्ये मेंदूच्या काचपट्ट्याही मिळाल्या. प्लाक आणि गुंते भरपूर होते, शंका मिटली. इतक्या कमी वयात तो का झाला, ते ठरले नाही : २०१३ मध्ये एका गटाने त्या काचपट्ट्यांत जनुकदोष आढळल्याचे जाहीर केले, दुसऱ्या गटाला पुढच्याच वर्षी तो सापडला नाही.

तोवर निदानाची एक विचित्र अडचण कायम होती. १९८४ च्या अमेरिकन निकषांनुसार जिवंत माणसाला ‘बहुधा अल्झायमर’ एवढेच म्हणता येई. ‘निश्चित’ हा शब्द मेंदूचा तुकडा पाहिल्यावरच. सीटी स्कॅनने १९७० च्या दशकात गाठ, रक्तस्राव, मेंदूत साचलेले पाणी ओळखण्याची सोय केली. कोलंबियाचे सालोमोन हाकिम यांनी १९६० च्या दशकात वर्णिलेल्या, पाणी साचून येणाऱ्या स्मृतिभ्रंशात नळी बसवून रुग्ण सुधारतो, त्यामुळे हा फायदा मोठाच. लहान-लहान झटक्यांनी होणारा ऱ्हास आणि जपानच्या केंजी कोसाका यांनी १९७६ पासून दाखवलेला ल्यूई पिंडांचा स्मृतिभ्रंश हेही वेगळे काढले गेले. प्लाक मात्र स्कॅनला दिसत नव्हते. ते दिसले २००४ मध्ये. पिट्सबर्गच्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी थायोफ्लेविन या रंगद्रव्यात फेरफार करून ते किरणोत्सारी केले, शिरेत टोचले आणि पेट स्कॅनवर जिवंत मेंदूतले अमायलॉइड उजळले. बीलशोव्हस्की यांच्या चांदीपासून सुरू झालेली रंगांची परंपरा इथे जिवंत माणसापर्यंत पोहोचली.

त्या प्रकाशात एक अडचणीची गोष्टही दिसली. ठणठणीत, हिशेबात पक्क्या अशा कित्येक वृद्धांच्या मेंदूत अमायलॉइड साचलेले होते. मग त्यांना रोगी म्हणायचे का? २०११ च्या नव्या निकषांनी लक्षणांआधीचा टप्पा संशोधनापुरता मान्य केला. २०१८ मध्ये रोगाची व्याख्याच शरीरातील खुणांवरून करण्याचा प्रस्ताव आला आणि २०२४ मध्ये अमेरिकेतील अल्झायमर संघटनेने तो पुढे नेला. तज्ज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय गट मात्र अशा माणसांना फक्त ‘धोका असलेले’ म्हणावे, असे सांगतो. क्रेपेलिन यांनी वयावर ओढलेली रेघ कॅट्झमन यांनी पुसली होती. आता वाद लक्षणांवरच्या रेघेचा आहे.

अमायलॉइड काढून टाकले तर रोग थांबेल, या तर्कावर प्रचंड पैसा लागला. उंदरांत यशस्वी झालेल्या लशीची माणसांवरची चाचणी काहींना मेंदूज्वरासारखी सूज आल्याने २००२ मध्ये थांबवावी लागली. त्यानंतरची प्रतिपिंडे एकामागून एक अपयशी ठरली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्वतःच्या सल्लागारांचे मत डावलून अड्युकॅनुमॅबला मंजुरी दिली. मोठे वादळ उठले आणि २०२४ मध्ये कंपनीने ते मागे घेतले. लेकॅनेमॅबला २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. सुमारे १,८०० जणांवरच्या अठरा महिन्यांच्या चाचणीत ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला होता. हा आकडा भरघोस वाटतो. १८ गुणांच्या पट्टीवर प्रत्यक्ष फरक ०.४५ गुणाचा होता. त्यासाठी दर पंधरवड्याला शिरेतून औषध, पुन्हा पुन्हा एमआरआय आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या डोनानेमॅबचीही कथा साधारण अशीच. दोन्ही सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांसाठीच आहेत. त्याच वर्षी लॅन्सेट आयोगाने चौदा टाळता येण्याजोग्या कारणांची यादी दिली. कमी शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा ही त्यांतली काही. ही सारी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल, असा आयोगाचा अंदाज आहे.

रोग लवकर ओळखण्याची गरज या औषधांमुळे वाढली आणि पेट स्कॅनचा खर्च सगळ्यांना परवडणारा नाही. म्हणून लक्ष रक्ताकडे वळले. टाऊ प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार, पी-टाऊ २१७, मेंदूत अमायलॉइड साचलेल्यांच्या रक्तात वाढलेला आढळतो. बीटा-अमायलॉइडशी त्याचे गुणोत्तर मोजणाऱ्या चाचणीला मे २०२५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. अशा प्रकारची ती पहिलीच. निरोगी लोकांची सरसकट चाळणी करण्यासाठी ती नाही. लक्षणे दिसणाऱ्या माणसाला तज्ज्ञाने तपासल्यावर, इतर माहितीच्या जोडीनेच तिचा निकाल वाचायचा असतो. त्यामुळे रक्ताची बाटली प्रयोगशाळेत जाण्याआधी डॉक्टर नाव, वार, महिना आणि आज जेवायला काय होते, हे विचारतात.